हिंगाची डबी

आमच्या घरी हिंग धारहून यायचा. माझ्या थोरल्या वन्सं तिथे दिलेल्या. त्या देवासला आल्या की त्यांच्या पिशवीतून मुगवड्या, पापड आणि हिंगाची एक डबी निघायचीच. इंदूर मध्ये धरून धार-देवास अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. बस बदलून, उन्हातान्हातून, ती डबी रुमालात गुंडाळून त्या आणत. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकघरात हिंगाला काय मोल असतं, हे ज्यांच्या घरी कांदा चालतो त्यांना सांगून समजायचं नाही. वरण, भाजी, ताक, सगळ्यांच्या फोडणीत हिंग. त्यात माझा हात जरा सैलच.

त्या डबीने माझ्या नातीला वर्षभर आजारी ठेवलं.

नात तेव्हा सात वर्षांची. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, सारखं तोंड आलेलं, अंगात रक्त नाही. लोहाची औषधं झाली, जंतांची झाली, मी दृष्टही काढली. शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी नावाची तपासणी केली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला आणि सिलिअ‍ॅक असं निदान झालं. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या माणसांचं शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. आतल्या भिंतीवर मखमलीसारखी लव असते, ती झडून सपाट होते, आणि मग खाल्लेलं काहीच अंगी लागत नाही. यावर औषध नाही. गहू जन्मभर बंद, एवढाच उपाय. उत्तर भारतात शंभरात एकाच्या आसपास माणसांना हा आजार असतो, दक्षिणेत फारच कमी. आमचा माळवा तर गव्हाचाच मुलूख. दाल-बाफले केल्याशिवाय इथे पाहुणचार पुरा होत नाही. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध दाखवला तो हॉलंडच्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तिथे पावाचा दुष्काळ पडला, सगळा देश उपाशी होता, आणि त्यांच्या वॉर्डातली ही मुलं मात्र सुधारत होती. पाव पुन्हा मिळू लागला तशी ती परत आजारली. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपल्याला फक्त गहू सोडायचा आहे. सोडणं आमच्या घराला नवीन नाही.

खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटला होता. माझं माहेर सोलापूरचं. लग्नानंतर यजमान इथल्या बँक नोट प्रेसमध्ये लागले आणि आम्ही देवासकर झालो. सोलापूरला आजीच्या हाताखाली मी शिकले होते की पिठाला मर्यादा असते: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. गाळलेल्या पाण्यालाही मर्यादा असते. आणि गाळण्यात जे अडकलं ते फेकायचं नाही, ज्या विहिरीतून पाणी काढलं तिच्यातच अलगद परत सोडायचं. अशा घरात एका मुलीपासून गहू दूर ठेवणं ते काय अवघड! तिची परात वेगळी केली, पोळपाट-लाटणं वेगळं, चाळण वेगळी. ज्वारी निवडून, धुऊन घरच्या छोट्या चक्कीवर दळली. पिठाच्या गिरणीत गव्हाची धूळ हवेतच असते, हे सूनबाईने सांगितलं आणि मला लगेच पटलं. हवेत न दिसणारं काही असतं हे आम्हाला पटवून द्यावं लागत नाही.

वर्षाने टीटीजी पुन्हा केली. आकडा उतरायला हवा होता, तो होता तिथेच.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "कुठून तरी जातंय." घरी परतताना इंदूर-देवास रस्त्यावर गाडीत कोणी बोललं नाही. आणि मी मनात ठरवून टाकलं की ते सुनेच्या हातून जातंय. ती नोकरी करते. येताना पाकिटं आणते: केळ्याचे वेफर, मुगाची डाळ, चुरमुऱ्यांचा चिवडा, शेव. बटाटा आमच्यात चालत नाही, गहू पोरीला चालत नाही. मग शाळेच्या डब्यात उरतं काय? ती बिचारी दुकानात उभी राहून प्रत्येक पाकीट उलटंसुलटं करून वाचायची. पण मी म्हणाले. तोंडावर म्हणाले, "बाहेरचं ते बाहेरचंच. घरचं खाऊन काही होत नसतं." ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिने पाकिटं आणणं बंद केलं आणि पोर डब्यात रोज भाकरी आणि गूळ नेऊ लागली. मैत्रिणी शेव खायच्या, ही बघायची.

पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभर सगळं लिहून आणायला सांगितलं. खाल्लेलं सगळं, फोडणीसकट. वहीत सकाळ-संध्याकाळ हिंग, हिंग, हिंग. त्यांनी विचारलं, "हिंग कुठला?" मी म्हटलं, "शुद्ध आहे, धारचा आहे." त्या म्हणाल्या, "डबीवरचं वाचून सांगा."

डबीवर काय असणार? मी तर तो स्टीलच्या डबीत काढून ठेवायची आणि खोका टाकून द्यायची. वन्संना फोन केला, त्यांनी दुकानातला खोका चष्मा लावून वाचून दाखवला. गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. पीठ पहिलं, हिंग शेवटी. माझ्या तोंडून शब्द फुटेना. वन्सं तिकडून म्हणत होत्या, "अगं, पण हिरवा ठिपका आहे."

हिंगाचा चीक आपल्याकडे अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. भारतात त्याची लागवड व्हावी म्हणून 2020 साली हिमाचलातल्या लाहौलमध्ये पहिलं रोप लावलं गेलं. हा चीक इतका उग्र की तसाच वापरता येत नाही, म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळून बांधानी हिंग करतात. उत्तर प्रदेशातलं हाथरस त्यासाठी प्रसिद्ध आहे. कुणी तांदळाचं पीठ घालतं, पुष्कळजण गव्हाचं किंवा मैदा. यात लबाडी काही नाही, खोक्यावर छापलेलं असतं. मी चाळीस वर्षं स्वयंपाक केला आणि ते एकदाही वाचलं नाही.

हिशोब ऐका. 2007 साली इटलीत झालेल्या एका अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलेल्या रुग्णांच्या आतड्याला इजा झाली. 10 मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना सोसतं असं धरतात. पिठात साधारण दहावा हिस्सा प्रथिन, त्यातलं बरंचसं ग्लुटेन. म्हणजे 10 मिलिग्रॅमसाठी ग्रॅमच्या आठव्या हिश्शाएवढं पीठ पुरतं. चिमटीत धरलं तर दिसणारही नाही. दिवसाला तीन फोडण्या, आणि माझा सैल हात.

मला सगळ्यात लागलं ते हे की हिंगाबद्दल आम्हाला कुणी सावध केलं नव्हतं असं नाही. पंडित आशाधर मूळचे मांडलगडचे. घोरीच्या स्वाऱ्यांनंतर घरच्यांबरोबर धारेला आले आणि पुढे नालछ्याला राहिले. धारहून मांडूला जाताना नालछा लागतं, वन्संच्या घरापासून फार लांब नाही. तेराव्या शतकात तिथे बसून त्यांनी श्रावकांसाठी 'सागारधर्मामृत' लिहिलं. मांस सोडलेल्या माणसाच्या व्रताला कशाकशाने दोष लागतो ते त्यात सांगितलं आहे. चामड्याच्या पात्रातलं पाणी, चामड्यातलं तेल-तूप, आणि चामड्याला लागलेला हिंग. त्या काळी हिंग कातड्यात बांधून दूरदेशाहून येत असे. हिंगात मांस नाही, पण त्याला जे शिवलं त्याचा विचार करा, असं पंडितजी म्हणतात. त्याला त्यांनी व्रतभंग म्हटलं नाही, अतिचार म्हटलं आहे.

हे मला पाठशाळेपासून माहीत होतं. वन्संनाही माहीत होतं, म्हणून तर त्या हिरवा ठिपका पाहून हिंग घेत. आम्ही दोघी आठशे वर्षांपूर्वीचा प्रश्न हिंगाला नेमाने विचारत आलो. तो प्रश्न आमच्या व्रतासाठी होता. पोरीच्या आतड्यासाठी दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, तो आम्हाला सुचला नाही.

यावर माझं मन पळवाट शोधत राहिलं. हेतू शुद्ध होता ना? उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमाद ठेवला आहे. अमृतचंद्राचार्य तर सांगतात की जो सावध आहे त्याच्या हातून जीव गेला तरी ती हिंसा ठरत नाही, आणि बेसावध माणूस कोणी मेलं नाही तरी हिंसक असतो. मग मी सावधच होते की! चाळण वेगळी, परात वेगळी. हे मी यजमानांना म्हणून दाखवलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "तू सावध होतीस, पण सुनेच्या पिशवीवर." पुढे काही न बोलता त्यांनी पान उलटलं.

वन्सं फोनवर रडल्या. मग आठ दिवसांनी त्यांनीच विचारलं, "पण एवढ्याशाने होतं का गं खरंच?" हा प्रश्न सगळेच विचारतात. धारला त्यांच्या घरी शुद्धीचं जेवण घेणारे एक पाहुणे येतात. त्यांच्यासाठी पाणी वेगळं, चूल वेगळी, धोतर नेसून कुणीतरी स्वयंपाकाला. सगळं घर आनंदाने धावतं. त्यांना कुणी म्हणत नाही, एवढ्याशाने काय होतंय. पोरीला मात्र त्याच घरात, त्याच प्रेमाने, बाफल्याचा तुकडा पुढे करतात. व्रताला लोक मान देतात, आजाराची कीव करतात. आणि कीव वाटली की माणसाला काहीतरी खाऊ घालावंसं वाटतं.

कायद्यातही असंच काहीसं दिसतं. मांसाहारी घटक कितीही किंचित असला तरी पदार्थ मांसाहारीच ठरतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं. आम्हाला त्याचा आनंद झाला होता, मंदिरात चर्चाही झाली. ग्लुटेनमुक्त म्हणवायला मात्र किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. जगातल्या बऱ्याच देशांत हाच आकडा आहे, आपल्याकडेही आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. आमच्या श्रद्धेला शून्य आणि लेकराच्या आतड्याला वीस? पण गणित करून पाहिलं. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात फार तर 4 मिलिग्रॅम. ते सोसतं. शून्य मोजणारं यंत्र कुठेच नाही, वीस मोजता येतात. आता मला वाटतं, त्या वीस आकड्यामागे कुणीतरी खरोखर मोजून पाहिलेलं आहे, आणि माझ्या शुद्धतेमागे तसं कुणी नव्हतं. शून्याची सवय असलेल्या बाईला वीस स्वीकारायला जड गेलं, हे कबूल करते.

अपराधी वाटल्यावर माणूस काहीतरी करायला धावतो. मी पाकिटं गोळा करायला लागले. पोरीला शेव मिळाली पाहिजे, बस. देवास-इंदूरकडे सकाळचा नाश्ता म्हणजे पोहे, वरून शेव आणि जीरावन. तांदूळ आणि हरभरा. वरवर पाहता गव्हाचा संबंध नाही. पण जीरावनात हिंग असतो. शेवेच्या मसाल्यात हिंग असतो. माझ्या हातातल्या पाकिटावर नुसतं 'मसाले' लिहिलं होतं. बेसन ज्या चक्कीवर दळलं तिच्यावर आधी काय दळलं? तेलात आधी काय तळलं? एका पाकिटावर बारीक अक्षरात होतं, यात गहू असू शकतो.

मला हसू आलं. पाकीट स्याद्वाद बोलतंय! असू शकतो, नसूही शकतो. घरात मी हा विनोद दोनदा केला. तिसऱ्यांदा करताना मात्र पाठशाळेतले पंडितजी आठवले. स्यात् म्हणजे कदाचित असं कुणी म्हटलं की ते चिडायचे. स्यात् म्हणजे एका ठराविक अपेक्षेने. घट आहे, कोणत्या अपेक्षेने? द्रव्य सांगा, क्षेत्र सांगा, काल सांगा, भाव सांगा. अपेक्षा न सांगता नुसतं 'असेल-नसेल' म्हणणाऱ्याला ते वर्गाबाहेर उभं करायचे.

टेकडीच्या पायथ्याकडे एक नमकीनवाला आहे. त्याच्याकडे मी पोरीला घेऊन गेले आणि सरळ विचारलं. त्याने कढईकडे बोट दाखवलं. "बाई, सच बोलूँ? सवेरे इसमें मठरी उतरती है, दोपहर को सेव. तेल वही. बच्ची के लिए मत ले जाओ." मठरी मैद्याची. वस्तू बेसनाची, कढई एकच, वेळ मठरीनंतरची, आणि मनात काय म्हणाल तर हातातलं गिऱ्हाईक सोडायची तयारी. पाठशाळेत न गेलेल्या माणसाने चारही अपेक्षा पुऱ्या केल्या. तो ही शेव तपासायला पाठवू शकत नाही. एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात आणि त्याच्या कढईतून रोज वेगळा घाणा निघतो. पण त्याला आपल्या कढईत काय होतं ते माहीत आहे. मोठ्या कारखान्यातही कुणाला तरी ते माहीत असणारच. मैद्याचं मशीन आणि बेसनाचं मशीन एकाच पट्ट्यावर आहे की नाही, मध्ये धुतात की नाही. ते न सांगता 'असू शकतो' एवढंच छापायचं, हे मला सावधपणा वाटत नाही. आता आमचं हे देवास एके काळी दोन राज्यांचं एक गाव होतं, थोरली पाती आणि धाकटी पाती, पवारांच्या दोन गाद्या शेजारी शेजारी. माणसं हद्द पाळत असतील, धूळ कशाला पाळतेय? पण धूळ उडते म्हणून कुठून उडते ते पाहायचंच नाही, असं होतं का?

हे सगळं मी सुनेला ऐकवलं. ती डबा भरत होती. म्हणाली, "आई, तुमचं द्रव्य-क्षेत्र बरोबर आहे. पण मला दुकानात उभं राहून पटकन ठरवायचं असतं. 'असू शकतो' लिहिलंय ना, मग नको. माझं काम झालं. मला भीती वाटते ती काहीच न लिहिलेल्या पाकिटाची. त्यांनी पाहिलं आणि नाही म्हणून लिहिलं नाही, की पाहिलंच नाही?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्या स्टीलच्या डबीवरही काहीच लिहिलेलं नव्हतं.

हिंग बंद केल्यावर सहा महिन्यांनी आकडा उतरला. पोरीची उंची भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणेपुढे दोन बोटं गेली.

त्या वर्षी दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी आली. मंदिरात आम्ही सगळ्यांना हात जोडतो, जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर क्षमा असावी. दरवर्षी म्हणते, सुनेलाही म्हणते, तीही म्हणते. त्या दिवशी स्वयंपाकघरात तिच्यासमोर उभी राहिले आणि ते पाठ असलेलं वाक्य म्हणवेना. 'अजाणता' हा शब्द फार सोयीचा वाटला. म्हटलं, "मी न पाहता तुझ्यावर आळ घेतला. पाकिटं मी बंद करायला लावली. पोर वर्षभर शेव खाणाऱ्यांकडे बघत बसली, ते माझ्यामुळे." तिने गॅस बारीक केला. "आई, मलाही हिंगाचं सुचलं नव्हतं," म्हणाली. नंतर बऱ्याच वेळाने, पाठमोरी असताना म्हणाली, "पण तेव्हा फार वाईट वाटलं होतं." मी तिथेच ओट्याशी उभी राहिले.

आता शेव घरी करतो. हरभऱ्याची डाळ आणून निवडतो, धुतो, वाळवतो, घरीच दळतो. सोऱ्याही नवा घेतला.

गेल्या थंडीत धारला गेले होते तेव्हा वन्सं म्हणाल्या, चल, बिनपिठाचा खडा हिंग मिळतो का पाहू. जुन्या बाजारात एका दुकानी गेलो. दुकानदाराने कागदाच्या पुडीतून लालसर खडा काढून दाखवला. वास असा की वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, यात काय मिसळलंय? तो म्हणाला, कुछ नहीं. वन्संनी विचारलं, आणि हा तिकडून येतो कशात बांधून? तो म्हणाला, माल इंदूर से आता है, उसके पीछे का मुझे नहीं मालूम. मग पहिल्या प्रश्नाचंही त्याला खरं माहीत होतं का, असा विचार आम्हा दोघींच्या मनात एकदमच आला असावा, कारण वन्संनी पिशवीचं तोंड बंद केलं.

आमच्या वरणाला हल्ली जिऱ्याचीच फोडणी असते. यजमान म्हणतात, चव गेली. खरंच गेली.